तबेल्याचे शेण, शासनाचे अनुदान आणि कारागिराचे काम

दुधाचा धंदा करणाऱ्या कोणत्याही बांधवाची वही उघडून पाहावी. दूध किती निघाले, कोणत्या हॉटेलाकडे किती उधारी राहिली, ढेप आणि कोंडा कोणत्या भावाने आला, डॉक्टरला किती दिले, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. शेणाचे पान मात्र त्या वहीत नसते. दिवसाकाठी एक म्हैस जेवढे दूध देते, त्याहून जास्त वजनाचे शेण देते. तरीही ते व्यापारी मालात मोजले जात नाही. ते उचलून टाकायचे काम आहे, असेच आपण धरून चालतो.

या लेखात आम्ही त्या कोऱ्या पानाचा विचार करणार आहोत. शेणापासून गॅस आणि खत तयार करण्यासाठी सरकार अनुदान देते, हे बहुतेकांनी ऐकलेले आहे. पण ते अनुदान कोणाला, किती व केव्हा मिळते, ते मिळाल्यावर धंद्यात खरोखर काय उरते, आणि या कामात आपल्या गवंडी, प्लंबर व वेल्डर बांधवांना कोणती संधी आहे, हे नीट समजून घेणारे थोडे. गोंदिया जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा हिशेब मांडत आहोत.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत. हा धानाचा आणि राइस मिलचा मुलूख आहे. धानाचे तणस मुबलक म्हणून जनावरे घरोघरी. पूर्व विदर्भातील 'कठाणी' ही गाईची जात चिखलाच्या बांधीत काम करणारी म्हणून ओळखली जाते. दुधाचा धंदा करणारे मात्र म्हशी व संकरित गाई पाळतात, आणि त्यांचे तबेले शहराच्या कडेला किंवा वस्तीत असतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील १९ जिल्ह्यांसाठी दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर केला. दूध वाढावे यासाठी योजना येतात, तेव्हा शेणही वाढणार हे कोणी सांगत नाही. ते आपण आधीच जाणून घेतलेले बरे.

शेण उघड्यावर पडले तर काय होते?

शेणाचा ढीग उन्हापावसात पडून राहिला की त्यातील नत्र हवेत उडते आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. पाच-सहा महिन्यांनी शेतकरी बंडी घेऊन येतो, तेव्हा ढिगाचा आकार दिसतो, पण खताचा कस बराच गेलेला असतो. तबेला वस्तीत असला तर धुतलेले पाणी नालीत जाते, नाली तुंबते, डास होतात आणि शेजाऱ्यांची तक्रार नगर परिषदेकडे जाते. शहराजवळून वाहणाऱ्या पांगोलीसारख्या लहान नदीला असा भार पेलत नाही. शिवाय दाबून भरलेल्या ओल्या शेणातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी मानला जातो. चुलीत जाळला तर तोच इंधन, हवेत सोडला तर नुकसान.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी फार्म व गोशाळांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. पंधरा किंवा अधिक जनावरे असलेल्या डेअरीने प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी, एका जनावरामागे दिवसाला १५० लिटरहून अधिक पाणी वापरू नये, शेण व सांडपाणी नालीत सोडू नये, असा त्यांचा रोख आहे. एका जनावराचे शेण दिवसाला १५ ते २० किलो धरले जाते. म्हणजे पंधरा जनावरांच्या तबेल्यात रोज सव्वादोन ते तीन क्विंटल शेण पडते. उद्या कोणी अधिकारी दारात येऊन विचारील त्यापूर्वी, हे शेण कोठे जाते याचे उत्तर आपल्याजवळ तयार असावे.

जुनी विद्या, जुनी चूक

गोबर गॅस ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस तयार करून वापरला गेला होता. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी शेणावर चालणारा व वर लोखंडी टाकी तरंगणारा संच विकसित केला. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो उचलून देशभर नेला. पुण्याजवळ देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांचे काम आयुष्यभर केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

लोखंडी टाकीच्या संचात वेल्डर बांधवांना काम होते, पण टाकी गंजत असे आणि तिला वेळोवेळी रंग द्यावा लागे. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात पक्क्या घुमटाचा 'जनता' नमुना तयार झाला, आणि १९८४ मध्ये दिल्लीच्या 'अफप्रो' या संस्थेने विटांचा कमी खर्चाचा 'दीनबंधु' नमुना आणला. त्यानंतर हे काम लोहाराच्या भट्टीतून गवंड्याच्या थापीकडे आले. घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निघून जातो. म्हणून या नमुन्यात सारी मदार गवंड्याच्या हातावर असते.

केंद्र शासनाने १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला आणि अनुदान देऊन गावोगाव संयंत्रे बांधली. त्यांपैकी बरीच पुढे बंद पडली. कोणाच्या घरी जनावरे विकली गेली, कोठे घुमट गळू लागला, कोठे पाइपात पाणी साचले आणि ते काढायचे कसे हे घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. काही ठिकाणी अनुदान होते म्हणून संयंत्र बांधले, अनुदान मिळाले आणि संयंत्राकडे पाठ फिरली. आजही गावागावांत मातीने भरलेले असे घुमट दिसतात. अनुदानाला आम्ही वाईट म्हणत नाही. पण धंद्यात त्याची जागा कोणती, हे आपल्याला समजले पाहिजे.

आता अनुदान किती?

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. तो २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी होता. त्यात लहान बायोगॅस संयंत्रांसाठी सर्वसाधारण लाभार्थ्यांना असे दर ठरले: १ घनमीटरला ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये, ६ घनमीटरला २२,७५० रुपये आणि ८ ते १० घनमीटरला २३,००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती व काही विशेष गटांसाठी दर याहून अधिक ठेवण्यात आले. योजनांची मुदत आणि दर बदलत असतात. म्हणून अर्जाच्या दिवशी चालू आदेश कोणता, हे विचारूनच पुढे जावे.

महाराष्ट्रात हे काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत चालते. आपल्याला जायचे असते ते तालुक्याच्या पंचायत समितीत, कृषी अधिकाऱ्याकडे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, जागेचा उतारा आणि जनावरे असल्याची खात्री, अशी कागदपत्रे साधारणपणे लागतात. एकाच संयंत्रासाठी दोन ठिकाणांहून अनुदान घेता येत नाही.

मोठ्या तबेल्यांसाठी व गावाच्या सामूहिक प्रकल्पांसाठी 'गोबरधन' योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात सामूहिक नमुना प्रकल्पासाठी एका जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. हे पैसे ग्रामपंचायत व जिल्हा यंत्रणेमार्फत खर्च होतात, एकट्या तबेलेवाल्याच्या हातात येत नाहीत. तिसरा मार्ग २०२० च्या पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीचा. त्यात बँकेच्या कर्जावरील व्याजात ३ टक्के सवलत मिळते आणि पुढे जनावरांच्या टाकाऊ पदार्थांपासून माल बनवणारे प्रकल्पही त्यात घेण्यात आले. याही निधीची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून चौकशी आधी करावी. येथे एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. हे अनुदान नव्हे, हे कर्ज आहे. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांनी केवळ 'सवलत' हा शब्द ऐकून सही करू नये.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, गोरेगाव रस्त्यावर एका बांधवाकडे पाच-सहा जनावरे आहेत. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. म्हणजे शेणाची अडचण नाही. १ घनमीटर गोबर गॅस स्वयंपाकात साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. २ घनमीटरचे ८६० ग्रॅम झाले. महिन्याचे जवळपास २६ किलो, म्हणजे १४.२ किलोचे पावणेदोन सिलिंडर भरतात. हा झाला कागदावरचा आकडा. आपल्याकडे हिवाळ्यात थंडी चांगली पडते, तेव्हा गॅस कमी होतो. लग्नकार्यात चार दिवस शेण घातले जात नाही. म्हणून पाव हिस्सा कमी धरून महिन्याला निदान सव्वा सिलिंडर समजावे.

पण घरात महिन्याला एकच सिलिंडर लागत असेल तर बचत एकाचीच. वहीत तोच लिहावा जो विकत घ्यावा लागला नाही.

आता समजा, संयंत्राला सर्व मिळून ४५,००० रुपये खर्च आला आणि सिलिंडर ९०० रुपयांना पडतो. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून हा हिशेब पुन्हा करावा. वर्षाला बारा सिलिंडरचे १०,८०० रुपये वाचले. अनुदान १४,३५० रुपये मिळाले तर आपल्या खिशातून ३०,६५० रुपये गेले. ते पावणेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होतात. अनुदान नसते तर चार वर्षे दोन महिने लागले असते. म्हणजे अनुदानाची खरी किंमत सोळा महिन्यांची आहे.

आता दुसरी बाजू पाहू. हेच संयंत्र अनुदान घेऊन बांधले आणि दुसऱ्या वर्षाअखेर बंद पडले. दोन वर्षांत २१,६०० रुपये वाचले, खिशातून ३०,६५० गेले. अनुदान मिळूनही ९,०५० रुपयांचा तोटा झाला. याउलट अनुदान न घेता चांगल्या मिस्त्रीच्या हातून बांधलेले संयंत्र पंधरा वर्षे चालले, तर आजच्याच भावाने १,६२,००० रुपयांचे सिलिंडर वाचतात. डागडुजीचा खर्च वजा केला तरी फरक उघड आहे. संयंत्र किती वर्षे जळते यावर नफा ठरतो, अनुदानाने तो फक्त थोडा लवकर हातात येतो. हा या लेखाचा मुख्य धडा आहे.

स्लरीचा बाजार

५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी आत गेले की रोज जवळपास शंभर लिटर पातळ स्लरी बाहेर येते. तिला वास कमी, माशा कमी, आणि तणाचे बी बरेचसे मेलेले. सुकवलेल्या स्लरीत नत्राचे प्रमाण साधारण दीड ते दोन टक्के असते, तर उघड्या उकिरड्याच्या खतात ते अर्धा टक्क्याच्या आसपास राहते. वर्षभराच्या स्लरीत सुके द्रव्य अंदाजे अडीच टन भरते आणि त्यातील नत्र ४० किलोच्या घरात जाते. युरियाच्या दोन गोण्यांत तेवढेच नत्र असते.

हे ऐकून कोणी खूश होईल, पण व्यापाऱ्याने येथे थांबून विचार करावा. सरकारी अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी अनेक वर्षे सुमारे २६६ रुपयांना मिळत आली आहे. स्लरी 'युरियाच्या बदल्यात' म्हणून विकायला गेलात तर शेतकरी दोन गोण्यांचाच भाव देईल. स्लरी विकायची ती जमीन भुसभुशीत करणाऱ्या सेंद्रिय द्रव्यासाठी, स्फुरद-पालाशसाठी आणि लगेच लागू पडणाऱ्या खतासाठी. तिचा खरा गिऱ्हाईक बारमाही भाजीपाला करणारा शेतकरी आहे. त्याला दर आठवड्याला माल लागतो. धानवाला शेतकरी रोवणीपूर्वी एकदाच घेईल, पण तेव्हा ट्रॉलीभर घेईल. म्हणून दोन खड्डे ठेवावेत. एक भरत असताना दुसऱ्यात तणस, पालापाचोळा व स्लरी यांचे थर कुजू द्यावेत. खड्ड्यांवर छप्पर मात्र हवेच. आपल्याकडच्या पावसात उघडा खड्डा एका रात्रीत भरून वाहतो आणि वर्षाची मेहनत नालीत जाते.

गुजरातच्या आणंद जिल्ह्यात झकरियापुरा नावाचे गाव आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने तेथे दूध घालणाऱ्या कुटुंबांच्या परसात लहान बायोगॅस संयंत्रे बसवण्यात आली. घरी गॅस वापरायचा, स्लरी आधी आपल्या शेताला द्यायची आणि उरलेली विकायची, अशी ती व्यवस्था आहे. जवळच्या मुजकुवा गावात तर महिलांनी खताची सहकारी मंडळी स्थापन केली. दुग्धविकास मंडळाने अशा खतासाठी 'सुधन' हे नाव नोंदवले आणि २०२२ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कंपनीही काढली. दुधाला जसे संकलन केंद्र असते, तसे स्लरीलाही असू शकते, हे त्या गावांनी दाखवले. गोंदियाच्या चार-पाच तबेल्यांनी मिळून एक टाकीचा टेम्पो ठेवला तर हेच काम येथे होऊ शकेल. एक सावधगिरी बाळगावी. पिशवीत भरून, नाव छापून खत विकायचे असेल तर खत नियंत्रण आदेशाखालील परवाना व तपासणी लागू होते. २०२३ मध्ये केंद्राने गोबरधन प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये बाजार साहाय्य मंजूर केले, पण त्यातही नोंदणी व प्रत ठरलेली आहे.

कारागिरांसाठी

आता आमचे बोलणे गवंडी, प्लंबर व वेल्डर बांधवांशी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने हजारो बायोगॅस संयंत्रे उभी केली. असे काम गावात वाढते, तेव्हा ते बांधणारे व दुरुस्त करणारे हातही गावातच लागतात. गोंदियात असे हात किती आहेत, याचा विचार आपणच करावा.

केंद्राच्या कार्यक्रमात गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद राहत आली आहे. संयंत्र पूर्ण बांधून, चालू करून देणाऱ्याला 'टर्न-की' फी देण्याची पद्धतही आहे. ही फी पाच वर्षांच्या हमीशी जोडलेली असते. तालुक्याच्या कार्यालयात प्रशिक्षित मिस्त्रींची यादी असते. आपले नाव त्या यादीत जावे यासाठी पुढील प्रशिक्षण केव्हा आहे, याची चौकशी आजच करावी.

कामाच्या काही गोष्टी येथे नोंदवतो. जागा उंचवट्याची निवडावी. धानाच्या मुलखात पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते, आणि बांधीलगत खोदलेल्या खड्ड्यात ते पाझरते. विहिरीपासून निदान १५ मीटर अंतर राखावे. विटा भाजलेल्या व एकसारख्या घ्याव्यात, आतल्या गिलाव्यात घाई करू नये, पाणी पुरेसे दिवस मारावे. गॅसच्या पाइपाला संयंत्राच्या बाजूने उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी. 'गॅस येत नाही' या बऱ्याच तक्रारी पाइपात साचलेल्या पाण्यापाशीच मिटतात. प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. २ घनमीटरच्या संयंत्राला पहिल्या भरणीसाठी जवळपास दीड टन शेण लागते. ते शेजाऱ्यांकडून आधीच ठरवून ठेवावे. चालू संयंत्राची थोडी स्लरी विरजणासारखी टाकली तर काम लवकर होते. सुरुवातीचा गॅस जळत नाही, तो सोडून द्यावा. मालक घाबरून म्हणतो, "मिस्त्री, पैसे पाण्यात गेले." त्याला आधीच सांगून ठेवावे की पहिले काही दिवस असेच होते.

जुन्या, बंद संयंत्रांची दुरुस्ती हा नव्या कामाइतकाच मोठा बाजार आहे. पण येथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो. बंद घुमटात किंवा स्लरीच्या टाकीत एकदम कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असतो. एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. झाकण काढावे, टाकी वरूनच पूर्ण रिकामी करावी, कित्येक दिवस उघडी ठेवावी, पंख्याने वा ब्लोअरने हवा सोडावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर दोन माणसे असावीत. विहिरीत दिवा सोडून हवा पाहण्याची जुनी पद्धत येथे जीवघेणी आहे, कारण हा वायू पेट घेतो. बिडी-काडी जवळ नसावी. चार हजारांच्या कामासाठी घरचा कर्ता माणूस गमावण्यासारखे दुःख नाही.

पैशाची बाजू

अनुदान आधी मिळत नाही. संयंत्र पूर्ण होते, पाहणी होते, नोंद होते, आणि मग रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात येते. तोपर्यंत विटा, सिमेंट व मजुरीचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात. येथेच अनेक भांडणे होतात. मालक म्हणतो, "अनुदान आले की देतो भाऊ", आणि मिस्त्रीची मजुरी महिनोन्‌महिने अडकते. अनुदानाची उधारी गवंड्याच्या डोक्यावर टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालकाने मजुरीची सोय आधी करावी. रक्कम खात्यात आली की ती नफ्याच्या नव्हे, भांडवलाच्या पानावर जमा करावी.

ज्यांना कर्ज नको त्यांना भागीदारीचा मार्ग मोकळा आहे. जागा व शेण तबेलेवाल्याचे, बांधकाम मिस्त्रीचे, स्लरीची वाहतूक टेम्पोवाल्याचे, आणि स्लरीच्या विक्रीत तिघांचे ठरलेले हिस्से. हा करार कागदावर, साक्षीदारांसह लिहून घ्यावा. संयंत्र बंद पडले तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कलम विसरू नये.

परदेशातही असाच नियम दिसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य २०१५ पासून डेअरींना मिथेन पकडणाऱ्या संयंत्रांसाठी अनुदान देत आले आहे, आणि २०१७ पासून शेण कोरडे हाताळण्याच्या पद्धतींसाठी वेगळी योजना आहे. तेथील संयंत्राच्या अनुदानात निदान अर्धा खर्च इतरत्रून उभा करावा लागतो. हजारो गाईंच्या डेअरीलाही सरकार सगळा पैसा देत नाही. स्वतःचा पैसा गुंतला की माणूस संयंत्राकडे लक्ष देतो.

अर्ज करण्यापूर्वी पाच प्रश्न

पंचायत समितीत जाण्यापूर्वी घरी बसून या पाच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१. पुढील पाच वर्षे एवढी जनावरे माझ्याकडे राहतील काय?

२. रोज सकाळी शेण कालवून घालण्याचे काम घरात कोण करील? त्या माणसाचे नाव लिहावे.

३. तयार होणारा गॅस मी पूर्ण वापरीन काय? घरात उरत असेल तर दूध आटवणे, खवा-पनीर किंवा चहाच्या दुकानासाठी उपयोग आहे काय?

४. स्लरी कोण घेईल? निदान दोन शेतकऱ्यांशी बोलणे झाले आहे काय?

५. बांधणारा मिस्त्री पाच वर्षांनीही याच गावात भेटेल काय?

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर अनुदान मिळो वा उशिरा मिळो, संयंत्र बांधावे. दुसऱ्या व पाचव्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर अनुदान हातात आले तरी थांबावे. तेव्हा साध्या छपराखालचा दोन खड्ड्यांचा खतगड्डाच करावा. त्याला खर्च कमी लागतो आणि नाली तरी स्वच्छ राहते.

आजच वहीचे एक कोरे पान काढून त्यावर 'शेण' असे लिहावे. सात दिवस रोजचे वजन नोंदवावे. आठव्या दिवशी ते पान घेऊन मिस्त्रीकडे जावे, आणि मिस्त्रीला बरोबर घेऊन पंचायत समितीत. आपल्या धंद्याचा आकडा आपल्या हातात असला की समोरच्या टेबलावरचा माणूसही आपले म्हणणे नीट ऐकतो.